नऊ दिवसांचं पाणी

"ते पाणी मी सोडणार न्हाई," दैवशाला म्हणाली, आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

सकाळची वेळ. तिच्या नवऱ्याचा, माऊलीचा, छोटा टेम्पो घरमालक बद्रीनाथच्या दाराला मागचा फाळका टेकवून उभा होता. कपाट चढलं होतं, गाद्या चढल्या होत्या, शिलाई मशीन दोरीनं आवळून झालं होतं. खोलीत राहिले होते मोरीतले दोन निळे ड्रम. पहाटे नळ आला होता, नऊ दिवसांनी, आणि दैवशालानं दोन्ही ड्रम काठोकाठ भरून ठेवले होते. आजच घर सोडायचंय हे तिला माहीत होतं. पण नळाचा आवाज आला की जालन्यातली बाई आधी उठते आणि विचार नंतर करते.

"अगं, ओतून दे," माऊली म्हणाला. "तिकडं गेल्यावर भरू."

"ओतू? कुठी?"

"मोरीत."

"नऊ दिवसांनी आलेलं पाणी मोरीत ओतू?"

"मंग राहू दे इथंच. पुण्य लागंल."

पुण्य लागण्याची थोडी शक्यता होतीही. पण तेवढ्यात दैवशालाचं लक्ष दाराबाहेर गेलं. बद्रीनाथ स्टुलावर उभा राहून खिडकीच्या गजाला पुठ्ठा बांधत होता. सुतळी दातात धरली होती, त्यामुळे तो हसला की कण्हला ते समजलं नाही. पुठ्ठ्यावर लिहिलेलं मात्र स्वच्छ समजत होतं.

*खोली भाड्याने देणे आहे.*
*फक्त कुटुंबासाठी.*
*पाण्याची भरपूर सोय.*

"भाऊ," दैवशाला म्हणाली, "पोराचं लगीन हाय म्हणून खोली पाह्यजे म्हणले होते तुम्ही. झालं का लगीन?"

बद्रीनाथनं दातातली सुतळी काढली. "जमंल की कधीतरी. ताई, सगळीकडं भाडे वाढून राह्यले. मी एकट्यानं काय पाप केलं?"

"मंग तसं म्हणायचं होतं. पोराला कामून मधी आणलं?"

"तसं म्हणलं असतं तर तुम्ही वाढवून दिलं असतं का?"

"न्हाई."

"मंग?"

आपण काही चुकीचं बोललो असं बद्रीनाथला अजिबात वाटत नव्हतं. त्यानं गाठ मारली, पुठ्ठा सरळ केला आणि लांब होऊन तो कसा दिसतो ते पाहिलं. दैवशालाही पाहत होती. शेवटची ओळ तिनं पुन्हा वाचली. पाण्याची भरपूर सोय. ती सोय तिनं पहाटे स्वतः उभं राहून भरली होती.

ती आत गेली आणि ज्वारीचा ड्रम टेम्पोतून खाली घ्या म्हणाली.

तिसरा ड्रम ज्वारीचा होता. ज्वारी गादीच्या खोळीत ओतली गेली. रिकामा ड्रम टेम्पोवर चढला, त्यात मोरीतल्या पहिल्या ड्रमचं पाणी बादल्यांनी गेलं. मग तो पहिला ड्रम वर चढला आणि त्यात दुसऱ्याचं पाणी गेलं. मग दुसराही वर चढला, आणि मोरीतली छोटी टाकी, हंडे, कळश्या, कुकर, भाजीचं पातेलं असं जिथं जिथं पहाटे पाणी भरून ठेवलं होतं ते सगळं त्यात गेलं. माऊलीनं बादल्या वाहिल्या. तो टेम्पोचा मालक होता आणि चालकही, पण लग्न झाल्यापासून हमालीही त्याच्याकडेच होती. टायर निम्मे बसले तेव्हा तो एवढंच म्हणाला, "उद्या सकाळी मोसंबीचा माल उचलायचाय. गाडी रिकामी नसली तर शेठ दुसरा टेम्पो लावीन. मंग सगळा हंगाम त्याचाच."

"संध्याकाळपर्यंत रिकामी करून देते."

ज्वारीच्या ड्रमाला झाकण नव्हतं. त्याच्यावर परात ठेवली, परातीवर पोतं टाकलं आणि पोत्यावर सासूला बसवलं.

"मी काय झाकण हाय का?" सोनूबाईनं विचारलं.

"घंटाभर, आत्याबाई."

"ड्रम हालला की पाणी खालून लागतंय."

"मंग हालू नका."

टेम्पो निघाला. बद्रीनाथ हात जोडून दारात उभा होता. तीन वर्षं राहिलेल्या माणसांना निरोप देताना त्याचे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी तो मोरी धुवायला पाणी शोधायला आत वळला.

गेल्या महिन्यात दैवशालाला आणि माऊलीला जालन्यात जे विचारलं गेलं ते असं. उत्तरं इथं दिलेली नाहीत, कारण ती कुणी नीट ऐकलीच नाहीत.

"कुटुंब आहे का? किती आहे? अजून वाढणार आहे का?"

"आडनाव?"

"हां, पण म्हणजे तुम्ही कोण?"

"गाव राजूर. राजूरमध्ये कुठं? गणपतीच्या कोणत्या बाजूला? तिकडं तुमचे पाव्हणे कोण?"

"जेवण कसलं? नाही, रविवारचं विचारतोय."

"ही म्हातारी कायम राहणार का अधूनमधून?"

"शिलाई मशीन? लाईट कुणाची? बाया येणार कपडे टाकायला? मग चपला कुठं काढणार?"

"टेम्पो रात्री कुठं लावणार? इथं नाही. तिथंही नाही. ती जागा माझ्या जावयाची आहे, तो दिवाळीला येतो."

"पाहुणे येतात का? किती? किती दिवस? आंघोळ करतात का?"

एका ठिकाणी सगळं जमलं होतं. आडनाव चाललं, म्हातारी चालली, रविवारही चालला. शेवटी मालकीणबाई म्हणाल्या, "खोली छान आहे हो, पण आम्हाला द्यायची नाहीये. बोर्ड मुलानं लावला. लोक येतात, बरं वाटतं." त्या दिवशी दैवशाला घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. माऊलीला त्याचीच जास्त भीती वाटली होती.

आणि मग चहाच्या टपरीवर माऊलीला पाशामियाँ भेटले. जुन्या जालन्यात, नदीच्या पलीकडे त्यांचं घर. उन्हाळ्यात कूलर दुरुस्त करायचे, बाकीचे दिवस कूलरविषयी बोलायचे. घरामागची एक खोली रिकामी होती. भाडं परवडण्यासारखं होतं. त्यांनी आडनाव विचारलं नाही, जेवण विचारलं नाही. एकच विचारलं.

"बायको भांडखोर तर न्हाई ना? मला बिलकुल शांती पाह्यजे. घरात आधीच लै झालं."

माऊलीनं उजवा हात छातीवर ठेवून खोटं सांगितलं. पाशामियाँनी पाचशे रुपये इसार घेतला आणि खोली पक्की झाली.

भरल्या पाण्याचा टेम्पो वेगात नेता येत नाही. गचका बसला की पाणी उसळतं, पाणी उसळलं की सोनूबाई ओरडते, आणि सोनूबाई ओरडली की माऊली ब्रेक मारतो, त्यानं पुन्हा पाणी उसळतं. नदीवरचा पूल लागेपर्यंत ऊन चांगलंच तापलं. तिथं मागचं टायर बसलं. पंक्चरवाल्यानं जॅक लावला, टेम्पोकडे पाहिलं आणि जॅक काढून घेतला.

"यात काय हाय? लोखंड?"

"पाणी."

"पाणी कुठून आणलं?"

"घरून."

"अन् कुठी नेऊन राह्यले?"

"घरी."

पंक्चरवाल्यानं शेजारच्या दुकानातून मोठा जॅक मागवला. तो येईपर्यंत दैवशालाचा फोन वाजला. रस्त्यावरच्या लोकांना तिची एकटीचीच बाजू ऐकू आली.

"हं, बोला बद्रीभाऊ."

"न्हाई, किल्ली खिळ्याला लावली."

"कोण आल्ता?"

"मंग द्यायची त्याला खोली. मला कामून सांगून राह्यले?"

"टाकी रिकामी हाय तर रिकामीच दाखवायची."

"हौ. नेलं."

"माझं होतं म्हणून नेलं. मी भरलं होतं."

"भिंती तुमच्या, मोरी तुमची, नळ तुमचा. पाणी नळातून बाहेर पडलं की माझं."

"बोर्डावर लिहायच्या आधी विचारायचं होतं."

"जाऊ द्या ना गेलं तर. दुसरं गिऱ्हाईक यीन नऊ दिवसांनी."

तिनं फोन ठेवला. महिनाभरात पहिल्यांदाच तिला भूक लागली. टायर बदलेपर्यंत तिनं केळी घेतली, सगळ्यांना वाटली. सासूला एक वर ड्रमवर नेऊन दिलं. बद्रीनाथचं गिऱ्हाईक गेलं याचा आनंद तिनं पुलावर उभं राहून मोकळेपणानं घेतला. ते गिऱ्हाईक तिथून कुठं गेलं असेल हा विचार तिनं केला नाही. करायला हवा होता.

पाशामियाँच्या गल्लीत टेम्पो शिरला तेव्हा दुपार उलटत होती. पाशामियाँ दारात वाट पाहत बसले होते. ते उठले, सोनूबाईला सलाम केला, मागच्या खोलीकडे सगळ्यांना घेऊन गेले आणि कमरेची किल्ली काढून थबकले.

कडीला कुलूप होतं. नवंकोरं, पितळी. पाशामियाँचं नव्हे.

"हे कोणाचं?" त्यांनी कुलपाला विचारलं.

उत्तर आतल्या दारातून आलं. तिथं अकबरबी उभी होती, पाशामियाँची बायको. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. तिनं माऊलीकडे पाहिलं, ज्याला ती जन्मात पहिल्यांदा पाहत होती.

"भाऊ, इनकू बोलो, कमरा मैं दे चुकी. आज दोपहर कू, ये टपरी पे थे तब. एक सर आल्ते."

पाशामियाँही माऊलीकडे वळले. "इनकू पूछो, मेरेकू पूछे बगैर कैसे दिया?"

"इनकू बोलो, घर मेरे बाप का. अन् मेरी बकरी मेरेकू पूछे बगैर बेची थी, तब याद नहीं आया?"

माऊली एकदा इकडे आणि एकदा तिकडे पाहत राहिला. निरोप पोचवण्याची गरज नव्हती, दोघांमध्ये एका हाताचं अंतर होतं. पण दोघंही त्याच्या तोंडाकडे पाहत होते. शेवटी शेजारच्या कांताबाईनं भिंतीवरून मान काढून खुलासा केला. "चार महिने झाले, बोलत न्हाईत एकमेकांशी. बकरी इकली न्हवं का यांनी, जुन्या मोटरी घ्यायला. तव्हापासून मीच सांगते एकमेकाला. आज तुम्ही आले, बरं झालं. माझा घसा बसला."

"ते सगळं खरं," दैवशाला म्हणाली. तिचा आवाज खाली गेला होता, आणि माऊली दोन पावलं मागं सरला. "पण आम्ही इसार दिलेला हाय. सामान दारात हाय. ज्यानं खोली घेतली त्याला बोलवा."

बोलवावं लागलं नाही. स्कूटरवर मागं गुंडाळलेली गादी बांधून ते सर स्वतःच आले. तातेराव त्यांचं नाव. खाजगी शाळेत शिकवायचे, बदली नुकतीच टेंभुर्णीहून झाली होती. भला माणूस. सकाळपासून उन्हात फिरून त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि ज्यांच्यामुळे तो झाला त्यांच्याकडेच त्यांनी मन मोकळं केलं.

"मला हे घर घ्यायचंच नव्हतं हो. नवीन जालन्यात एक खोली पक्कीच झाली होती. बोर्डावर लिहिलंय, पाण्याची भरपूर सोय. मालकानं मोठ्या रुबाबात टाकीचं झाकण उघडलं, आत थेंब नाही. म्हणे आधीच्या भाडेकरूनं जाताना पाणी नेलं. तुम्ही ऐकलंय कधी? माणसं बल्ब काढून नेतात, पडदे नेतात. पाणी कोण नेतं? डोक्यावर परिणाम झालेली बाई असणार."

माऊली टायरची हवा बघायला वाकला.

"हाय एक तसली," सोनूबाई ड्रमवरून म्हणाली.

दैवशालानं तातेरावांकडे पाहिलं, मग ड्रमांकडे पाहिलं. बद्रीनाथच्या दारातून आपणच हाकललेलं गिऱ्हाईक टेम्पोच्या आधी नदी ओलांडून आपल्याच खोलीला कुलूप लावून गेलं होतं. ते आधी पोचलं, कारण त्याच्याकडे पाणी नव्हतं. राग कुणावर काढावा हे तिला प्रथमच कळेना, आणि त्यामुळे तिचा राग दुप्पट झाला.

याच वेळी टेम्पोच्या फाळक्यातून पाण्याची धार गल्लीत उतरली. उतारानं वाहत ती कांताबाईच्या उंबऱ्याशी गेली.

"टँकर आला का?" कांताबाई म्हणाली. तिनं फार मोठ्यानं विचारलं नव्हतं. पण त्या गल्लीत नळ येऊन तेरा दिवस झाले होते. कुठंतरी पाइप फुटला होता, तो कुठं फुटला हे शोधायचं काम चालू होतं. पहिली कांताबाईच हंडा घेऊन आली. मग समोरच्या घरातली सून आली. मग गल्लीच्या तोंडापासून कळश्यांचे आवाज येऊ लागले, आणि टेम्पोला निघायला जागा राहिली नाही.

"टँकर न्हाई हा," माऊली सांगत राहिला. "माझा संसार हाय."

"संसार खाली राहू द्या, पाणी तेवढं द्या," कुणीतरी म्हणालं.

दैवशाला फाळक्यावर चढली. पदर खोचला. तिनं बादली हातात घेतली, तसं सगळ्यांना वाटलं ही आता डोक्यात घालणार. तिनं पहिल्या ड्रमचं झाकण काढलं आणि कांताबाईला विचारलं, "घरात माणसं किती?"

"आं? पाच."

"वाढणार हायेत का अजून?"

"सून हाय ना पोटुशी."

"आडनाव?"

कांताबाईनं सांगितलं.

"हां, पण म्हंजे तुम्ही कोण?"

कांताबाई गोंधळली. "मी कांताबाई. शेजारची."

"पाहुणे येतात का? आंघोळ करतात का?"

"येतात. करतात." कांताबाईनं जरा विचार केला. "धाकटा दीर करत न्हाई."

"चालंल," दैवशाला म्हणाली आणि तिचा हंडा भरला.

पुढची आली. तिलाही तेच. गाव कोणतं, तिथं कोणत्या बाजूला, रविवारी काय शिजतं, सासू कायम असते का अधूनमधून. रांगेत पहिल्यांदा हसू आलं, मग कुजबुज झाली. मागच्या बाया पुढच्यांना उत्तरं विचारून ठेवू लागल्या. एका तरुण पोरीनं "रविवारी मटण" म्हटलं आणि घाबरून "कधीकधी" असं जोडलं. दैवशालानं तिची कळशी भरली आणि म्हणाली, "मला विचारायचा काय हक्क, असं विचारायचं होतं तू." पोरगी म्हणाली, "मंग तुम्ही पाणी दिलं असतं का?" तिनं पुढच्या बाईची कळशी काही न विचारता भरली.

तातेराव गादीला टेकून हे बघत होते. हळूहळू त्यांच्या ध्यानात येऊ लागलं. "अकबरबी, इथं पाणी कधी येतं?"

"आता येईल. पाइप मिल गया तो लगेच."

"तुम्ही म्हणालात पाण्याचं काही विचारू नका."

"हौ. मग विचारलं कशाला?"

तातेरावांनी तिथंच उभं राहून बद्रीनाथला फोन लावला. तिकडे निदान नऊ दिवसांनी तरी नळ येत होता. दोन मिनिटांत सौदा झाला. त्यांनी कडीचं पितळी कुलूप काढलं, खिशात टाकलं, अकबरबीकडून इसार परत घेतला आणि स्कूटरला किक मारली. जाताना दैवशालाला म्हणाले, "ताई, तुम्ही पाण्याचं फार चांगलं काम करताय."

खोली रिकामी झाली. कडी उघडी लटकत होती. माऊलीच्या जिवात जीव आला. तो कपाटाची दोरी सोडायला धावला. आता दैवशालानं गप्प बसायचं होतं, एवढंच. तेवढं झालं असतं तर गोष्ट इथं संपली असती.

पण रांगेत आता अकबरबीची पाळी होती.

तिनं हंडा पुढं केला. मान ताठ होती. "मेरेकू सब मालूम है क्या पूछती तू. घर में दो आदमी. मेहमान कोई नहीं आता. गोश्त खाते. भर."

"ते न्हाई विचारत," दैवशाला म्हणाली. "दोघं एकमेकाशी बोलता का?"

"ओ," माऊली खालून हळूच म्हणाला. "दैवशाला. खोली मिळून राह्यली."

"वो हमारे घर का मामला है," अकबरबी म्हणाली.

"माझ्याबी घरचाच होता मामला. महिनाभर समद्या जालन्यानं विचारला. यांच्याशी एक वाक्य बोला, मंग भरते."

कळश्या जमिनीवर टेकल्या. अकबरबीनं हंडा खाली ठेवला आणि चार महिन्यांनी ती नवऱ्याकडे वळली.

"बकरी कितने में बेची?"

पाशामियाँनी आकाशाकडे पाहिलं. "वो जाने दे."

"बोल."

त्यांनी आकडा सांगितला. तो इतका हळू होता की फक्त कांताबाईला ऐकू गेला, आणि म्हणून लगेच सगळ्यांना कळला.

"गाभण बकरी?" रांगेतून कुणीतरी म्हणालं. "एवढ्याला तर बोकडाची मुंडी येत न्हाई."

मग गल्लीनं तोंड उघडलं. कुणी बकरीचं दूध आठवलं, कुणी तिचे कान आठवले. कुणीतरी मोटरी चालू झाल्या का ते विचारलं. त्या झाल्या नव्हत्या. पाशामियाँ चारही बाजूंनी घेरले गेले. एवढ्या बायकांसमोर माणसाला एकच गोष्ट करता येते, ती त्यांनी केली. ते रागावले.

"बस. ऐसे घर में मैं नहीं रहता. अलग रहता."

"रह," अकबरबी म्हणाली.

"कहाँ रहूँ?"

"खोली हाय की रिकामी," सोनूबाई ड्रमवरून म्हणाली.

माऊलीनं डोळे मिटले. आईनं आयुष्यात फारसे सल्ले दिले नव्हते, आणि जे दिले ते असेच.

"रह," अकबरबी पुन्हा म्हणाली. "पर किराया देना पड़ेगा. इसार पहले."

पाशामियाँनी तावातावानं खिशात हात घातला आणि पाचशेची नोट काढून बायकोच्या हातावर ठेवली. नोटेच्या कोपऱ्यावर हळदीचा डाग होता. ती नोट इसारासाठी दैवशालाच्या हळदीच्या डब्यातूनच निघाली होती, आणि तिनं ती लांबूनही ओळखली. मग पाशामियाँ तरातरा मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी आतून कडी लावली.

कपाटाची दोरी माऊलीच्या हातातच राहिली. ऊन कलायला लागलं होतं. टेम्पोवर घर होतं, खाली घर नव्हतं, आणि उद्या सकाळी मोसंबीचा शेठ दुसरा टेम्पो लावणार होता. दोन ड्रम रिकामे होऊन पोकळ वाजत होते. माऊलीनं दोरी गुंडाळून ठेवली. तो टायरशेजारी खाली बसला आणि त्याच्याकडे पाहत राहिला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर दैवशालाला सोपं गेलं असतं. ती फाळक्यावरून उतरली. बादलीत तळाशी उरलेलं पाणी तिनं अकबरबीच्या हंड्यात ओतलं.

"घ्या. बोलल्या न्हवं का तुम्ही. ठरलं ते ठरलं."

"अब तू कहाँ जाती?"

"बघू. जाफराबादला बहीण हाय. तिचा नवराबी विचारीनच किती दिवस म्हणून."

अकबरबीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग हंडा कमरेवर घेतला आणि पुढच्या दारातून आत जाऊन बैठकीच्या खोलीचे दोन्ही पल्ले उघडले. आत पाशामियाँचा पलंग होता, भिंतीला टेकून उभे केलेले कूलर होते आणि रस्त्याकडे उघडणारी मोठी खिडकी होती. शिलाई मशीनला अशी खिडकी महिनाभर कुठं दिसली नव्हती.

"ये खाली हुई अब," अकबरबी म्हणाली. "उस कमरे से बड़ी है. भाडं तेवढंच. मशीन इथं लाव, उजाला चांगला येतो. टेम्पो दारात उभा कर, कोणी काही बोललं तर मला सांग."

दैवशाला जागची हलली नाही. "आडनाव न्हाई विचारलं तुम्ही."

"जरूरत नहीं. सवाल अच्छे पूछती तू. चार महिने से मैं अकेली लड़ रही इस आदमी से. मेरेकू ऐसीच भाडेकरीण होना थी."

"अट काय?"

"एकच. पीछे के भाडेकरू कू चाय नहीं देना."

सामान उतरायला संध्याकाळ झाली. गल्लीतल्या बाया हात लावायला आल्या, कुणी गादीची खोळ उचलली आणि त्यातून ज्वारी का पडते हे विचारलं. कूलर अंगणात गेले, पलंग मागच्या खोलीच्या दारात नेऊन ठेवला, तो थोड्या वेळानं कुणी न बघता आत घेतला गेला. सगळ्यात शेवटी माऊलीनं आईला हात देऊन ड्रमवरून खाली घेतलं. सोनूबाईचं लुगडं मागून पार भिजलं होतं. तिनं पोतं काढलं, परात काढली. आत पाणी होतं, दोन बोटं कमी, बाकी भरलेलं. दिवसभर तिच्याकडे कुणी पाणी मागितलंच नव्हतं. ती बसली होती म्हणून.

दैवशालानं तो ड्रम खिडकीखाली उभा केला, वर परात झाकली आणि चूल पेटवायच्या आधी दोन मिनिटं त्याच्याकडे बघत बसली. बाहेर माऊली रिकामा टेम्पो झाडत होता.

दिवेलागणीला दारात कुणीतरी खाकरलं. पाशामियाँ होते, हातात तांब्या घेतलेला. सवयीनं ते सरळ आत येऊ लागले, उंबऱ्यावर त्यांना आठवलं आणि ते थांबले.

"बेटा, थोडं पाणी मिळंल का? मागं काहीच न्हाई."

आतल्या खोलीत भांड्याचा आवाज बंद झाला. अकबरबी कान देऊन उभी असणार. दैवशालानं कमरेवर हात ठेवला.

"माणसं किती?"

"एकच."

"पाहुणे?"

पाशामियाँनी आतल्या दाराकडे पाहिलं. आवाज जरा चढवला, पलीकडे जाईल इतपत. "आजून तर कोणी आलं न्हाई. आलीच तर दोन धर."

दैवशालानं त्यांच्या हातातला तांब्या घेतला, कोनाड्यात ठेवला आणि ड्रमवरची परात बाजूला केली. मग तिनं दोघांना पुरेल अशी कळशी उचलली.